जवारी शोधायला भिवंडीला

मिरजेची माणसं सूर शोधायला भिवंडीला गेली, हे आमच्या गल्लीत अजून कुणाला खरं वाटत नाही. भिवंडीला लोक कापडाचे तागे आणायला जातात. किंवा मागवलेलं पार्सल कुठे अडकलं म्हणून मोबाइलवर बघावं, तर ते नेमकं भिवंडीत पडलेलं असतं. आणि मिरज म्हणजे तंबोऱ्यांचं गाव. आमच्या मागच्या गल्लीत दिवसभर कुणी ना कुणी तारा जुळवत बसलेलं असतं. तरीही दोन वर्षांच्या शोधानंतर आमचे सुधाकरराव ॲम्प्लिफायर पसंत करायला निघाले ते थेट भिवंडीला. मी बरोबर गेले, कारण त्यांना कधीतरी 'आता पुरे' म्हणणारं कुणीतरी हवं होतं.

सुधाकरराव म्हणजे माझे यजमान. पाणीपुरवठा खात्यात इंजिनिअर होते आणि त्यांची उभी नोकरी कृष्णाकाठच्या पंपहाऊसांत गेली. निवृत्त झाल्यावर त्यांनी माळ्यावरच्या जुन्या रेकॉर्डी खाली काढल्या, त्या वाजवायला नवं यंत्र घेतलं, माझ्या कपाटाच्या जागी दोन स्पीकर उभे केले. राहता राहिला ॲम्प्लिफायर. तो ट्यूबचाच हवा, असा त्यांचा हट्ट. ट्यूब म्हणजे काचेच्या त्या नळ्या, आत तार लालसर पेटते तशा. आमच्या लहानपणी त्यांना व्हॉल्व्ह म्हणायचे आणि रेडिओ लावला की तो तापेपर्यंत भाजी निवडून व्हायची. आता त्याच गोष्टीला शौक म्हणतात.

पहिला ॲम्प्लिफायर घरी आला तो फ्रिज सुरू झाला की फ्यूज उडवायचा. दुसऱ्याची एक ट्यूब गेली, आणि तसली ट्यूब आख्ख्या सांगली-कोल्हापुरात मिळेना. तिसरा मात्र गुणी होता. तापत नव्हता, कुरकुरत नव्हता. पण सुधाकरराव त्याच्यासमोर आठवडाभर मान तिरकी करून बसले आणि म्हणाले, "यात जवारी नाही."

जवारी हे आमच्याकडे खूळ म्हणावं इतकं आहे. तंबोऱ्याच्या घोडीवर, तारेखाली, दोऱ्याचा एक बारीक तुकडा सरकवतात. तो नेमका बसला की तार नुसती वाजत नाही, सुराभोवती एक झणझण उठते आणि बराच वेळ चमकत राहते. ती जवारी. सुधाकरराव तिच्यातच वाढले. शाळेतून घरी येताना दप्तर पायरीवर टाकून कारागिरांच्या दारात बसायचे. आता त्यांना रेकॉर्डीवरच्या गाण्यामागचा तंबोरा तसाच्या तसा ऐकायचा होता, आणि तो काही केल्या सापडत नव्हता. मला विचाराल तर तिसऱ्या ॲम्प्लिफायरमधून मला जवारी स्वच्छ ऐकू येत होती. मी एकदा तसं म्हटलंही. "तुला ऐकायची सवय नाही," असं उत्तर मिळालं, तेव्हा मी माझी सवय घेऊन स्वयंपाकघरात गेले.

पुढे तर त्यांनी मागच्या गल्लीतल्या कारागिरांनाही सोडलं नाही. "हल्ली पूर्वीसारखी जवारी कुणी काढत नाही," असं भर दुकानात म्हणून आले. ज्यांच्या चार पिढ्या जवारी काढण्यात गेल्या, त्यांच्यासमोर. त्यानंतर तिथे आम्हाला चहा विचारणं बंद झालं.

अशा वेळी मोबाइलवरच्या रेकॉर्डशौकीन मंडळींच्या ग्रुपमध्ये हरेश्वर पाटील भेटले. राहणार पूर्णा, तालुका भिवंडी. त्यांचं म्हणणं एकच: 'भिवंडीत टिकला तो ॲम्प कुठंपन टिकतो. येऊन बघा.'

कशेळी ते पूर्णा

ठाण्यापर्यंतचा प्रवास सांगण्यासारखा नाही. कशेळीचा पूल मात्र सांगायला हवा, कारण त्या पुलावर आम्ही इतका वेळ उभे होतो की खाडीची भरती यायची ती आली. पुढे कंटेनर, मागे कंटेनर, मध्ये आमची रिक्षा. रिक्षावाला इंजिन बंद करून उतरला आणि शेजारच्या ट्रकवाल्याशी गप्पा मारू लागला. आमच्याकडे रेल्वे फाटक पडलं की माणसं चिडतात. इथे लोक वाहतूक अडली की ओळखी वाढवतात.

पूर्णा एकेकाळी भातशेतीचं गाव होतं म्हणे. आता जिथवर नजर जाते तिथवर गोदामं. शेजारच्यासारखंच प्रत्येक गोदाम, तसंच निळं पत्र्याचं छप्पर, तसंच फाटक, आणि फाटकावरचा पहारेकरी एकच प्रश्न विचारणारा: "डिलिव्हरी या पिकअप?" आम्ही तीन फाटकांवर समजावून सांगितलं की आम्ही पाटलांकडे आलो आहोत. पण पूर्णामध्ये पाटील विचारणं म्हणजे मिरजेत तंबोरेवाला विचारणं. चौथ्या फाटकावर सुधाकरराव कंटाळून म्हणाले, "पिकअप." पहारेकऱ्याने लगेच आमच्या रिक्षाला नंबर दिला आणि ट्रकांच्या रांगेत उभं केलं. आमच्या मागे आणखी दोन ट्रक लागले, म्हणजे परतीची वाटही संपली. शेवटी हरेश्वर पाटलांना फोन केला, तेव्हा ते पांढऱ्या बुलेटवरून आले आणि आम्हाला त्या रांगेतून सोडवून घेऊन गेले.

हरेश्वरशेठ पन्नाशीचे. गळ्यात जाड साखळी, हातात कडं, आणि बोलण्यात कसलाही संकोच नाही. वडिलोपार्जित शेतावर त्यांचंही एक गोदाम उभं आहे, त्याच्या भाड्यावर घर चालतं. "भात लावायचा तवा टायम नव्हता," ते म्हणाले, "आता भाडा येतो आन् मी ॲम्प बनवतो. बायको बोलते, भात बरा व्हता, निदान खाता यायचा."

मला हा माणूस तिथेच आवडला. आणि आणखी एका गोष्टीचं मला नवल वाटलं. हरेश्वरशेठ काय बोलतील त्याला सुधाकरराव पहिल्या फटक्यात उत्तर देत होते. घरी मी तीन वेळा हाक मारते तेव्हा एकदा 'हं' येतं. इथे 'हं' नाही, 'काय म्हणालीस' नाही. हसतायत काय, टाळ्या देतायत काय. परगावी गेल्यावर नवऱ्याला नवे कान फुटतात, अशी मी मनातल्या मनात नोंद केली.

गुरुवार, लूम चालू

हरेश्वरशेठचे ॲम्प घरात नव्हते. भिवंडी शहरात त्यांच्या वडिलांचा जुना कारखाना आहे. इथे कारखाना म्हटलं की कापड विणणाऱ्या लूमची शेड. ती त्यांनी भाड्याने चालवायला दिली आहे आणि तिच्याच वरच्या माळ्यावर आपला संसार थाटला आहे.

गल्लीत शिरलो आणि जमीन हलायला लागली. लूमचा आवाज मी इचलकरंजीला मामांकडे लहानपणी ऐकला होता, पण तो घरापासून लांब होता. इथे दोन्ही बाजूंना शेडच शेड, आणि त्या खटखटीत माणसं राहत होती, भाजी घेत होती, पोरांना शाळेत पोचवत होती. बोलणं म्हणजे ओरडणं. भाव विचारायचा तर ओरडून, आणि भाव परवडला नाही तर त्याहून ओरडून. कुणी कुणावर रागावलेलं नव्हतं. आमच्या मिरजेत इतक्या मोठ्यानं बोललं तर लोक भांडण सोडवायला धावतील.

शेडमध्ये तर ओरडण्याचाही उपयोग नव्हता. तिथे शमीमभाई म्हणून उत्तर प्रदेशाकडचे कारागीर एकटेच चार लूम बघत होते. त्यांनी आमच्याकडे बघून तोंड हलवलं. मला एक अक्षर कळलं नाही. सुधाकररावांनी मात्र मान हलवली, बोटांनी दोन असं दाखवलं आणि ते दोघे हसले. बाहेर आल्यावर मी विचारलं, काय झालं?

"मुलं किती, विचारत होता. दोन म्हणालो."

शमीमभाई चहा घ्यायला बाहेर आले होते. ते म्हणाले, "साहब ने भी लूम चलाया है क्या? नया आदमी तो कान आगे करता है. साहब मुंह देखते हैं." सुधाकरराव म्हणाले, लूम नाही, पंप. नोकरीभर पंप. दोघांनी एकमेकांना मनापासून पसंत केलं. मी आपली चहा फुंकून पीत राहिले. तेव्हाही माझ्या डोक्यात काही आलं नाही.

वरच्या माळ्यावर तीन ॲम्प मांडलेले होते. पहिला देखणा, समोर निळा दिवा आणि हलणारा काटा, परदेशातून जुना म्हणून आणलेला. दुसरा नवा चकचकीत, आरशासारखा. तिसरा हरेश्वरशेठनी स्वतः बांधलेला, करड्या पत्र्याचा, थेट पंपहाऊसच्या स्टार्टरच्या पेटीसारखा. खालून लूम चालू होते, त्यामुळे टेबल थरथरत होतं आणि टेबलावरचा पाण्याचा पेला आपोआप सरकत होता.

"ही परीक्षा," हरेश्वरशेठ ओरडले. "गानं नंतर. पयलं जगतो का मरतो बघायचं."

त्यांची पद्धत मला फार आवडली, कारण ती मुलगा बघायला गेल्यासारखी होती. आधी तिन्ही ॲम्प उचलून बघायला लावले. ट्रान्सफॉर्मर चांगला असेल तर वजन लागतंच. चकचकीत ॲम्प मीसुद्धा एका हाताने उचलला, तेव्हा त्यांनी माझ्याकडे बघून नुसत्या भुवया उडवल्या. मग मागचं झाकण काढून आतल्या तारा दाखवल्या, बिघाड झाला तर साधा रेडिओ दुरुस्त करणारा हात घालू शकेल का, ते बघायला. मग ट्यूब कुठल्या, आणि त्या कुठे मिळतात. देखण्या पाहुण्याची ट्यूब जगात एकाच ठिकाणी बनायची आणि ते ठिकाण आता बंद होतं. "म्हंजे ही गेली का तुमी सुतक पाला," ते म्हणाले.

मग पेन्सिल काढली आणि तिच्या रबराच्या टोकानं प्रत्येक ट्यूबवर हलकी टिचकी मारली. चकचकीत ॲम्पच्या ट्यूबवर टिचकी मारताच स्पीकरमधून 'टण्' आवाज आला. अशी ट्यूब प्रत्येक धक्क्याला वाजते, आणि लूमवरच्या माळ्यावर ती गाणं राहू देत नाही. करड्या पेटीवर टिचकी मारली, काही नाही. शेवटी शेजारच्या शेडमध्ये शिफ्ट बदलून सगळे लूम एकदम चालू झाले. माळ्यावरचा दिवा मंद झाला, पंखा रेंगाळला, देखण्या ॲम्पचा काटा डोलला आणि आतून काहीतरी चट् झालं. करड्या पेटीतल्या ट्यूब तशाच लाल राहिल्या.

"हिला भिवंडीचा करंट पचलेला हाय," हरेश्वरशेठ म्हणाले.

टिकाऊपणात निकाल लागल्यासारखाच होता. पण सुधाकररावांचा जीव जवारीत अडकलेला, आणि एवढ्या खटखटीत जवारी कोण ऐकणार? त्यावर हरेश्वरशेठकडे उत्तर होतं. उद्या शुक्रवार. शुक्रवारी भिवंडीतले लूम बंद असतात.

मुक्कामाच्या लॉजची भिंत शेडला लागून होती. सुधाकरराव पाठ टेकताच झोपले. मी मात्र पडल्या पडल्या त्या भिंतीला आणि त्यांना, दोघांनाही नावं ठेवली.

शुक्रवार, लूम बंद

सकाळी जाग आली ती आवाजानं नाही, आवाज थांबल्यामुळे. गल्लीत कुणी झाडत होतं त्या झाडूचा खरखराट ऐकू आला. कावळा ऐकू आला. नमाजाला निघालेल्या माणसांच्या अंगावर इस्त्रीचे कपडे होते आणि मुख्य म्हणजे ती हळू बोलत होती. शुक्रवारी भिवंडी आपल्या मिरजेसारखी बोलते.

आणि आमचे सुधाकररावही पुन्हा मिरजेसारखे झाले. टपरीवाल्यानं "साखर कमी की बराबर?" विचारलं, तर म्हणाले, "मिरजेहून." मी हाक मारली तर दुसऱ्या हाकेला वळले. कालचे फुटलेले कान एका दिवसात पुन्हा बुजले, असं म्हणून मी हसले. पण ते हसू पुरतं आलं नाही. काल शमीमभाई जे बोलले होते ते सकाळच्या शांततेत मला पुन्हा ऐकू आलं आणि चहा गोड लागेना.

माळ्यावर हरेश्वरशेठबरोबर त्यांची आई आली होती, हिराबाय. नऊवारी गुडघ्यापर्यंत खोचलेली, कपाळावर गोंदण, हातभर हिरव्या बांगड्या. त्या धवलारीण आहेत. इकडच्या आगरी घरांत लग्नात धवले म्हणायला बाई लागते. ती गाऊन गाऊन लग्न लावते, आणि तिनं धवला म्हटल्याशिवाय लग्न लागलं असं जुनी माणसं मानत नाहीत. आमच्याकडे भटजी मंगलाष्टकं म्हणतात, तीही आता माइकवरून कुणीही म्हणतं. हिराबायना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, "मंग लगीन टिकतं का?"

आधी नुसतं ऐकायचं होतं. गाणं न लावता करडी पेटी चालू केली, ट्यूब तापू दिल्या आणि हरेश्वरशेठनी आम्हाला स्पीकरजवळ कान न्यायला सांगितला. विश्वासाचा ॲम्प गाणं नसताना गप्प असला पाहिजे. मी कान लावला. अगदी आत, दूरवर, बारीक 'घूं' असं चाललं होतं. मी सुधाकररावांना हळूच म्हटलं, "थोडी घूं येतेय हो."

ते डोळे मिटून स्पीकरला कान लावून होते. त्यांनी मान डोलावली आणि म्हणाले, "हो हो. छान आहे. अगदी स्तब्ध."

हरेश्वरशेठनी माझ्याकडे बघितलं. मी खिडकीकडे बघितलं.

मग रेकॉर्ड लावली. आम्ही मिरजेहून साडीत गुंडाळून आणलेली, सुधाकररावांची जिवाभावाची. गाणं सुरू होण्याआधी नुसता तंबोरा बराच वेळ वाजतो. करड्या पेटीतून तो असा काही उघडला की माझ्या हातावर शहारा आला. आमच्या मागच्या गल्लीतली दुपार त्या माळ्यावर उतरली. मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी मान तिरकी केली होती, तशीच, घरी करतात तशी.

"नाही," ते म्हणाले. "भरदार आहे. पण जवारी नाही."

हरेश्वरशेठ शांतपणे उठले. "आपन आयशीचा टेप लावू," म्हणाले. त्यांनी एका लग्नात आईचे धवले टेप करून ठेवले होते, आणि प्रत्येक ॲम्पची शेवटची परीक्षा तो टेप. हिराबाय पुढे सरकल्या आणि त्यांनी हाताचा तळवा स्पीकरच्या लाकडावर ठेवला. टेप सुरू झाला. तरुण, उंच, जरा चिरका, पण अंगणभर पोचेल असा आवाज. मागून दुसऱ्या बाईची साथ. आणि ठेक्याला ठेका धरून, दोघींच्या हातातल्या बांगड्यांचा छुणछुणाट.

हिराबाय टेपकडे बघतच नव्हत्या. त्या आमच्या तोंडांकडे बघत होत्या, एकेकाच्या. गाणं थांबल्यावर त्या सुधाकररावांसमोर जाऊन बसल्या आणि मोठ्यानं, ओठ स्पष्ट हलवत विचारलं, "दादा, बांगड्या कशा वाजल्या?"

"कुठल्या बांगड्या?" सुधाकरराव म्हणाले.

खाली गल्लीतून एक सायकल घंटी वाजवत गेली, तीही मी ऐकली आणि त्यांनी नाही, हे मला त्यांच्याकडे बघून कळलं.

हिराबायनी आपला हात त्यांच्या कानाशी नेऊन हलवला. "यो वाजतो. मना पन ऐकू येत न्हाय. मी पोरवयात सून आले तवापासून हितं खाली सुताची कांडी भरायला व्हते, लूम कानाशी. पयली पाखरं गेली. मना वाटला, झाडं तोडली म्हनून गेली. मंग बांगड्या गेल्या. मी कासाराला शिव्या दिल्या, बोलले, कसल्या मुक्या बांगड्या भरल्यास रं."

मला मागच्या गल्लीतले कारागीर आठवले. सुधाकररावांनाही तेच आठवलं असणार, कारण त्यांनी खाली बघितलं.

"मग तुम्ही गाता कशा?" त्यांनी विचारलं.

"सून साथीला असते. तिच्या गल्याकडं बघतंय. लाज कसली? गाना माजा हाय, कान नुसता भाड्याचा."

नुसतं एवढं बोलून त्या उठल्या आणि आम्हाला जेवायला पूर्णाला चला म्हणाल्या, भाकऱ्या थापायच्या राहिल्यात म्हणून.

जेवायला चिंबोऱ्यांचा रस्सा आणि तांदळाच्या पांढऱ्याशुभ्र भाकऱ्या होत्या. चिंबोरी म्हणजे खेकडा. आम्ही देशावरची माणसं, खेकडा फोडायचा कसा हे आम्हाला ठाऊक नाही. सुधाकररावांनी जोर लावला तशी नांगी ताटातून उडून शेजारी बसलेल्या हरेश्वरशेठच्या साखळीत अडकली. सगळं घर हसलं. तेही हसले, पण मला त्यांचं हसणं ओळखता येतं. मनानं ते कुठेतरी लांब गेले होते.

जेवण झाल्यावर गोदामाच्या सावलीत आम्ही दोघंच उभे होतो. समोरून ट्रक मागे घेत होते. त्यांनी माझ्याकडे वळून, माझ्या तोंडाकडे नीट बघत विचारलं, "तुला जवारी आली?"

"आली," मी म्हटलं. "तिसऱ्यातूनही आली होती. घरच्या."

मला रडू येत होतं आणि ट्रकवाला 'और पीछे, और पीछे' ओरडत होता, त्यामुळे नीट रडताही येईना. मग ते म्हणाले, "मग तूच सांग, कुठला घ्यायचा?" दोन वर्षांत त्यांनी मला हे पहिल्यांदा विचारलं.

मी करडी पेटी सांगितली. तिचं वजन खरं होतं, ट्यूब कुठेही मिळणाऱ्या होत्या, आणि भिवंडीच्या करंटला ती भ्यायली नव्हती. पेटी बांधून देताना हरेश्वरशेठ मला बाजूला घेऊन म्हणाले, "वैनी, थोडी घूं हाय हिला. तुमी ऐकली, मी बघितला." मी म्हटलं, असू दे.

मिरज

मिरजेत एक वेळ नारळ मिळणार नाही, पण डॉक्टर मिळतो. तरीही सुधाकररावांना दवाखान्याची पायरी चढायला दोन आठवडे लागले. तोवर नवा ॲम्प 'मुरायला वेळ लागतो' म्हणून आमच्याकडे लोणचं घातल्यासारखं वातावरण होतं. शेवटी एके दिवशी ते आपणहून गेले आणि दोन्ही कानांत यंत्र लावून घरी आले.

पहिला दिवस त्यांनी नुसत्या तक्रारी केल्या. वर्तमानपत्र केवढ्यानं वाजतं, नळ गळतोय हे सांगितलं का नाही, चपला घासून का चालतेस. चपला त्यांच्याच होत्या. संध्याकाळी ते मागच्या गल्लीत गेले. काय बोलले ते मला सांगितलं नाही, पण बऱ्याच वेळानं परत आले तेव्हा तिथला चहा पिऊन आले होते. दोन कप.

मग करडी पेटी लावली, ट्यूब तापल्या, रेकॉर्डवर सुई टेकवली. तंबोरा सुरू झाला. मी त्यांच्या मानेकडे बघत होते. ती तिरकी झाली नाही.

"आहे," ते म्हणाले. "थोडी पत्र्याची वाटते. पण आहे." आणि त्यांनी चष्मा काढून पुसला. मी माझा पदराला पुसला.

रेकॉर्डची बाजू संपली. खोली शांत झाली. ते उठून सुई उचलायला गेले आणि वाकलेले तसेच थांबले. स्पीकरशी कान नेला. कपाळाला आठी पडली.

"अगं, यात घूं आहे. बारीक घूं. आपल्याला फसवलं की काय त्या पाटलानं? तुला येते का ऐकू?"

"येते."

"मग तिथंच बोलली का नाहीस?"

"बोलले होते," मी म्हटलं. "शुक्रवारी. तुमच्या कानाशी."

ते माझ्याकडे बघत राहिले, ओठांकडे नाही, डोळ्यांकडे. मग त्यांनी हात लांब करून ॲम्प बंद केला. ट्यूबमधला लाल उजेड हळूहळू विझला, घूंही गेली. खुर्ची ओढून ते माझ्या समोर बसले.

"बरं," ते म्हणाले. "आता सांग. आणखी काय काय बोलली होतीस?"